नेमके बिघडले आहे काय?

दिवाळी तोंडावर आली, की घरातली एखादी तरी वस्तू हटकून असहकार पुकारते. कुणाकडे चकलीच्या सोऱ्याचा आटा झिजलेला निघतो, कुणाकडे मिक्सर नुसताच गुरगुरतो, तर कुणाकडे आकाशकंदिलातला दिवा लागतो न लागतो तोच डोळे मिटतो. आमच्या घरी गेल्या दिवाळीत हा मान बिनवायरीच्या ड्रिलने पटकावला.

आता तुम्ही म्हणाल, ड्रिल ती काय वस्तू, आणि तिच्यावर दिवाळी अंकात लेख तो काय लिहायचा! पण वाचकहो, त्या चार दिवसांत मला जो धडा मिळाला तो ड्रिलपुरताच नाही. घरात मोटर आणि बॅटरी असलेली जी जी वस्तू आहे, तिला तो लागू पडतो. म्हणून ही हकिगत सांगायची.

ड्रिल घेतले त्याला चार वर्षे झाली होती. त्याआधी भिंतीत साधी खुंटी बसवायची तरी सुताराच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत. एका भोकासाठी कोणताच सुतार येत नाही. "अजून चार-पाच कामं काढून ठेवा, मग एकदमच येतो," असे तो सांगतो, आणि चार-पाच कामे साठेपर्यंत आपण खुंटीविना राहायला शिकतो. म्हणून मी धीर करून हे बॅटरीवरचे यंत्र आणले. पहिल्या आठवड्यात माझा उत्साह असा काही होता, की सौ. म्हणाली, "अहो, थोडी भिंतही शिल्लक ठेवा!" पुढे उत्साह ओसरला आणि वर्षाकाठी सहा-सात भोके पाडून यंत्र आपले माळ्यावर पडून राहू लागले.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आमची आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. वय 78. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि हॉस्पिटलातून ती माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, गेली. पण तिने पहिल्याच दिवशी बजावून ठेवले होते, "दिवाळीला मी माझ्या घरात असणार." वसुबारसेला तिला आणायचे ठरले. तिला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मात्र एक अट घातली. बाथरूममध्ये भिंतीला स्टीलची आधाराची दांडी हवी. त्या स्वतः आमच्या घरी आल्या, पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाल्या, "ही बसल्याशिवाय आजींना आणू नका."

दांडीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रू, म्हणजे एकंदर सहा भोके. रविवारी रात्री मी बाह्या सरसावल्या. पहिले भोक पडले. दुसरे अर्धे झाले आणि यंत्र थांबले. चाप पुन्हा दाबला, दोन सेकंद घर्र झाले आणि पुन्हा शांतता. बॅटरी चार्जरला लावली, तर मिनिटभरात हिरवा दिवा! म्हणजे बॅटरी भरलेली. यंत्राला लावली, पुन्हा दोन सेकंद घर्र, पुन्हा शांतता. वसुबारसेला चार दिवस उरले होते.

घरात लगेच दोन पक्ष पडले. लेकीने फोन पुढे केला. "बाबा, तुम्ही कशाला जीव आटवताय? आज रात्री बारापर्यंत सवलत आहे. नवीनच घ्या." मी दुरुस्तीच्या पक्षाचा. पण माझी दुरुस्तीची कल्पना अशी, की बॅटरीचे कवच उघडून आत डोकावून पाहावे. त्यासाठी मी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि कवचाच्या फटीत टोक घातले. सौ.ने ती माझ्या हातातून काढून घेतली. तिने त्या रात्री आमचे घर वाचवले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

तेवढ्यात आईचा फोन आला. दांडी बसली का, हे तिला विचारायचे होते. मी सांगितले, "नाही बसली. ड्रिल बिघडलंय."

"बिघडलंय म्हणजे काय बिघडलंय?"

"अगं, ड्रिलच बिघडलंय."

"अरे, असं कसं? माझं शिवणयंत्र इतकी वर्षं चाललं. ते काय कधी बिघडलं नाही? पण बिघडायचं म्हणजे पट्टा सैल व्हायचा, नाहीतर सुई वाकायची, नाहीतर शटलमध्ये दोरा अडकायचा. काहीतरी एकच बिघडायचं. ते सापडलं की यंत्र चालू. तुझं नेमकं काय बिघडलंय ते आधी बघ."

पट्ट्याच्या आणि सुईच्या जगातली बाई ती. पण तिने विचारलेला प्रश्न इतका बरोबर होता, की मी सुरीही विसरलो आणि सवलतही.

गिरमिटापासून चंद्रापर्यंत

भोक पाडणे हे माणसाचे फार जुने काम. आपल्या सुतारांचे गिरमिट हाताच्या पिळावर चाले. विजेवर चालणारे आणि हातात धरता येणारे ड्रिल 1895 साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे फाईन यांच्या कारखान्यात तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा चाप, हे आजचे ओळखीचे रूप अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर या जोडीने दिले. त्याचे पेटंट 1917 सालचे. त्यांच्याच कंपनीने 1961 साली बॅटरीवर चालणारे, बिनवायरीचे ड्रिल बाजारात आणले. बिनवायरीचे ड्रिल चंद्रावरच्या मोहिमेसाठी शोधले गेले, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. ते आधीच बाजारात होते. चंद्रावर ते नंतर गेले.

पण चंद्रावर काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. 1971 साली अपोलो 15 मधून गेलेले डेव्हिड स्कॉट चंद्राच्या जमिनीत भोके पाडू लागले. आतली उष्णता मोजण्यासाठी सुमारे 3 मीटर खोल जायचे होते. यंत्र बॅटरीवरचे, खास बनवलेले. आणि पहिले भोक दीड मीटरच्या आसपास अडले! स्कॉट यांनी सगळा जोर लावला, तरी खाली जाईना. तिथे ना कारागीर, ना दुकान, ना रात्री बारापर्यंतची सवलत.

पृथ्वीवर परतल्यावर तज्ज्ञांनी शोध घेतला. ड्रिलची मोटर ठणठणीत होती. दोष होता तो जमिनीत जाणाऱ्या पोकळ सळयांच्या सांध्यांत. भोकातला चुरा वर आणणारी पन्हळ सांध्याशी तुटत होती. चुरा तिथेच साठून सळई जखडत होती. मग त्यांनी सळया बदलल्या, आणि 1972 साली अपोलो 16 च्या वेळी भोक बिनतक्रार पडले. सारे यंत्र मोडीत काढायची गरजच पडली नाही. आमच्या आईचा नियम चंद्रावरही खरा ठरला.

न बिघडताच बिघडलेले

आता आपल्या घरी येऊ. ड्रिल चालेनासे झाले, की आधी हे पाहावे की ते खरोखरच बिघडले आहे काय. हसू नका, निम्मी धावपळ इथेच वाचते.

चापाच्या वर आडवी सरकणारी एक कळ असते. एका बाजूला सरकवली की यंत्र सुलटे फिरते, दुसऱ्या बाजूला सरकवली की उलटे. ती मधोमध राहिली तर चाप दाबलाच जात नाही. पिशवीत ठेवताना चुकून चालू होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. ती न कळल्याने माणसे यंत्र घेऊन दुकानापर्यंत जातात. कळ उलट्या बाजूला असेल, तर यंत्र फिरते पण भोक पडत नाही, नुसता धूर निघतो.

पुढच्या बाजूला आकडे लिहिलेले एक कडे असते. ते स्क्रू पिळण्यासाठी. कमी आकड्यावर ठेवले, तर थोडा जोर येताच यंत्र 'कडकड' आवाज करते आणि टोक फिरायचे थांबते. ऐकणाऱ्याला वाटते, आतले दाते तुटले. दाते शाबूत असतात. स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून यंत्राने हात सोडलेला असतो. भोक पाडायचे तर कडे ड्रिलच्या खुणेवर आणावे.

तिसरी गोष्ट बिटाची. बोथट बिटाने यंत्र रडकुंडीला येते आणि दोष यंत्राला जातो. लाकडाचे बिट, लोखंडाचे बिट आणि भिंतीचे बिट ही निरनिराळी. काँक्रीटमध्ये तर नुसते फिरून भागत नाही, मागून ठोकाही लागतो. तो हातोडीच्या खुणेवर मिळतो. ज्या यंत्राला ही खूणच नाही, त्याने काँक्रीट फोडू पाहणे म्हणजे पळीने पाटा टाकवण्यासारखे.

या साऱ्या परीक्षा मी त्या रात्री केल्या. कळ योग्य, कडे योग्य, बिट नवे. म्हणजे बिघाड खराच होता. सोमवारी सकाळी ड्रिल पिशवीत घातले आणि तपकीर गल्ली गाठली.

पाच सख्खे भाऊ

पुण्याच्या वाचकांना तपकीर गल्लीची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी सांगतो: बुधवार पेठेतली ही विजेच्या सामानाची गल्ली. मुंबईकरांना लोहार चाळ, तशी आम्हाला ही. दिवाळीच्या आठवड्यात तिथे माळांच्या दिव्यांची आणि माणसांची सारखीच दाटी असते. त्या दाटीतून एका बोळात, जेमतेम दोन माणसे उभी राहतील अशा दुकानात मी पोचलो. आत एक तिशीतला तरुण टेबलावर वाकून बसला होता.

त्याने माझे काहीच ऐकून घेतले नाही. फळीवरून त्याच कंपनीची दुसरी बॅटरी काढली, माझ्या ड्रिलला लावली आणि चाप दाबला. यंत्र घणघणीत सुरू झाले!

"यंत्राला काही झालेलं नाही काका. बॅटरी गेलीय."

वाचकहो, बिनवायरीच्या यंत्राची ही सर्वांत सोपी आणि सर्वांत खात्रीची परीक्षा. त्याच कंपनीची, त्याच व्होल्टची, चांगली असलेली बॅटरी शेजाऱ्याकडून वा दुकानातून घेऊन लावून पाहावी. यंत्र चालले तर दोष बॅटरीचा. नाही चालले तर यंत्रात. मग चापाचा स्विच असेल, मोटरचे कार्बन असतील, किंवा मोटरच जळली असेल. मोटर जळल्याचा वास एकदा घेतलेला माणूस जन्मात विसरत नाही. कार्बन झिजले असतील तर थोडक्यात काम होते. मात्र हल्लीच्या 'ब्रशलेस' यंत्रांत कार्बन नसतातच. त्यांचे फिरणे सर्किटवर अवलंबून असते, आणि ते गेले तर खर्च मोठा.

मग त्याने बॅटरी हातात घेतली आणि कवचावरच्या ताज्या ओरखड्यावर बोट ठेवले. "हे कुणी केलं?"

मी दुकानातल्या दिव्यांच्या माळा न्याहाळू लागलो.

तो हसला नाही. "काका, सुरीचं टोक आत गेलं असतं आणि दोन पट्ट्यांना एकदम टेकलं असतं, तर जाळ झाला असता. सेलला भोक पडलं असतं तर त्याहून वाईट. ही आग एका सेलकडून दुसऱ्याकडे जाते. विझली वाटली तरी पुन्हा पेटते."

मला सौ.ची आठवण झाली.

त्याने नीट, एकेक स्क्रू काढून कवच उघडले. आत पाच सेल एका ओळीत जोडलेले होते, आपल्या टॉर्चच्या सेलपेक्षा थोडे मोठे. प्रत्येकाचा नेमस्त दाब 3.6 व्होल्ट, पाच मिळून 18 व्होल्ट. पूर्ण भरला की प्रत्येक 4.2 वर जातो, म्हणजे पाचांचे 21. दुकानात एका डब्यावर 18 आणि दुसऱ्यावर 20 किंवा 21 लिहिलेले दिसले, तर दुसऱ्यात जास्त दम आहे असे समजू नका. बहुधा दोन्हींत तेच पाच सेल असतात. एकाने नेमस्त आकडा छापलेला असतो, दुसऱ्याने भरलेला. तसेच 12 व्होल्टच्या यंत्रात तीन.

त्याने मीटर लावले. पाचही सेल शहाण्यासारखे चार व्होल्टच्या आसपास. "आता बघा," म्हणून त्याने बॅटरीवर भार टाकला. चार सेल जागच्या जागी राहिले; पाचवा धाडकन दोनच्या खाली आला.

"हा एकच," तो म्हणाला. "आराम करताना धडधाकट, काम सांगितलं की आडवा."

पाच भाऊ एकमेकांचे हात धरून ओझे ओढत असावेत आणि एकाच्या अंगातले बळ गेलेले असावे, तसे हे. त्याचा दाब घसरला की आतले संरक्षणाचे सर्किट सगळ्यांचेच काम बंद करते. म्हणून दोन सेकंदांचे घर्र. आणि चार्ज करताना तोच दुबळा सेल आधी भरल्यासारखा दिसतो, म्हणून मिनिटभरात हिरवा दिवा. रात्री मला जे कोडे वाटले होते, त्याचा उलगडा पाच मिनिटांत झाला.

मी विचारले, "मग हा एकच बदलून द्या की."

"देता येतो. पण देणार नाही. चार दमलेल्यांत एक नवा घातला, तर पुन्हा जोडी जमत नाही. सहा महिन्यांत तुम्ही परत याल आणि मला नावं ठेवाल. बदलायचे तर पाचही, एकाच जातीचे, आणि जास्त करंट देणारे. साधे स्वस्त सेल ड्रिलला झेपत नाहीत." डाग देण्याच्या सळईने हे सेल थेट तापवायचे नसतात, पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडायच्या असतात, हेही त्याने दाखवले.

मग त्याने स्वतःच्या धंद्याविरुद्ध एक गोष्ट सांगितली. "कंपनीची मूळ बॅटरी मिळत असेल तर आधी तिथे चौकशी करा. नाही मिळाली तर मी आहेच."

उसने यंत्र

पण बॅटरी कुठूनही घेतली, तरी दोन दिवस लागणार होते, आणि भिंतीत भोके हवी होती आजच. इथे शेजारधर्म धावून आला. शेजारच्या काकांकडेही पूर्वी बिनवायरीचे ड्रिल होते, जुन्या निकेल कॅडमियम बॅटरीचे. त्या सेलचा दाब 1.2 व्होल्ट, म्हणजे 18 व्होल्टसाठी पंधरा सेल! ते गेले तेव्हा काकांनी हिशेब केला, जुने यंत्र भंगारात न टाकता ई-कचऱ्याच्या केंद्रात नेऊन दिले, आणि सरळ वायरीचे, ठोक्याचे ड्रिल घेतले. "वर्षाला दहा भोकं पाडायची, त्याला बॅटरी कशाला सांभाळायची?" हा त्यांचा सवाल. वायरीच्या ड्रिलला बॅटरी म्हातारी होण्याचे भय नाही, आणि काँक्रीटपुढे त्याचा दमही मोठा.

काका यंत्रासह स्वतःच आले. बाथरूमची फरशी कोरडी केली, दोघांनी पायांत रबरी चपला घातल्या. नळाच्या सरळ वर किंवा दिव्याच्या बटनाच्या रेषेत भोक येत नाही ना, हे पाहिले. तिथे भिंतीत पाइप आणि वायरी असतात. टाइलवर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण केली, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत टाइलचे बिट, सावकाश आणि ठोका बंद. मग भिंतीचे बिट आणि ठोका चालू. भोकातला चुरा फुंकून साफ केला, गिट्टी ठोकली, स्क्रू आवळले. शेवटी काका म्हणाले, "आता लटक." मी दांडीला धरून अंगाचा सगळा भार टाकला. दांडी हलली नाही. ज्या दांडीवर आपण लटकायला धजत नाही, ती आईच्या हातात कशी द्यायची?

डागडुजी की नवे?

दांडीची घाई संपली, तेव्हा कुठे आम्हाला शांतपणे हिशेब करता आला. माझ्या अनुभवाने सांगतो, यंत्र दुरुस्त करायचे की नवे घ्यायचे, हा निर्णय काम अडलेले असताना कधीही करू नये. त्या घटकेला यंत्र उसने आणावे, आणि मग निवांतपणे कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

लेकीने वहीत तीन ओळी लिहिल्या. पाच सेल बदलून: 1,700 रुपये. कंपनीची मूळ बॅटरी: 2,700 रुपये. त्याच तोडीचे नवे यंत्र, दोन बॅटऱ्यांसह: 7,000 रुपयांच्या घरात. यंत्राची मोटर, स्विच, दाते, पकड सर्व ठीक. मग नवे घेण्याचे कारणच काय? सवलतीचा आग्रह धरणारी लेक स्वतःच म्हणाली, "बाबा, सवलत मिळाली असती तरी चार हजार उगाच गेले असते." मूळ बॅटरी घेतली, कारण तिला हमी होती आणि आमची बॅटरी रात्री घरातच चार्ज होणार होती. हजार रुपये जास्त गेले, ते झोपेचे मोल.

मात्र हा निकाल प्रत्येक घरी हाच येईल असे नाही. आमच्या भाच्याने कुठलेसे बिननावाचे ड्रिल 2,500 रुपयांना घेतले होते. वर्षाने त्याची बॅटरी गेली. त्या मापाची बॅटरी कुठेच मिळेना, आणि पकडही डगमगू लागलेली. त्याने नवे घेतले ते योग्यच केले. ढोबळ नियम असा, की खात्रीची दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीत होत असेल आणि बाकीचे यंत्र धड असेल, तर दुरुस्त करावे. मोटर जळली असेल, किंवा बॅटरीबरोबर आणखी काही गेले असेल, तर नव्याचा विचार करावा. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर मात्र स्वतः एक स्क्रूही काढू नये. पावती शोधावी आणि कंपनीकडे जावे. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. शिवाय केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाची सोय सुरू केली. दुरुस्ती आणि सुटे भाग यांची माहिती कंपन्यांनी ग्राहकापुढे ठेवावी, हा तिचा हेतू.

आणि नवे घ्यायचेच झाले, तर आधी बॅटरीची चौकशी करावी, मग यंत्राची. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. ज्या कंपनीची बॅटरी पाच वर्षांनीही मिळेल असा भरवसा वाटतो, तिचेच यंत्र घ्यावे. पुढे त्याच बॅटरीवर चालणारे दुसरे एखादे यंत्र लागले, तर काही कंपन्यांत ते बॅटरीविना, स्वस्तात मिळते.

बॅटरीचे पथ्यपाणी

आमची बॅटरी चार वर्षांत का थकली? गल्लीतल्या त्या तरुणाने विचारले होते, "ठेवता कुठे?" मी म्हणालो, "माळ्यावर, पत्र्याखाली." त्याने कपाळाला हात लावला होता.

लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. या बॅटऱ्या 1991 साली बाजारात आल्या, आणि त्यांच्यासाठी झटलेल्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण नोबेल मिळालेली वस्तूही उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून काढली तर टिकायची नाही. ती घरात, गार जागी ठेवावी. बरेच दिवस वापरायची नसेल, तर काठोकाठ भरूनही ठेवू नये आणि पार रिकामीही. निम्मी भरलेली बरी. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावे. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, निवू द्यावी. दुसऱ्याचा चार्जर वापरू नये. 'पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करा' हा जुना सल्ला निकेल कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियमला तो मानवत नाही.

फुगलेली, वास येणारी किंवा चार्ज करताना चटका बसेल इतकी तापणारी बॅटरी वापरणे त्याच क्षणी थांबवावे. तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती घंटागाडीच्या कचऱ्यात मुळीच टाकू नये. गाडीत दबली तर पेट घेते. बॅटरी कचऱ्याबाबतच्या 2022 सालच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देण्याची जबाबदारी आपल्यावर. आम्ही जुनी बॅटरी नवी घेतली तिथेच जमा केली.

वसुबारसेच्या संध्याकाळी आई घरी आली. काठी टेकत, अक्काचा हात धरून ती सरळ बाथरूमकडेच गेली. दांडी दोन्ही हातांनी धरली, हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली.

"पक्की आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि ते यंत्र? काय बिघडलं होतं?"

"पाचातला एक सेल."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" एवढे बोलून ती आपल्या खोलीत गेली आणि शिवणयंत्रावरची धूळ कुणी पुसली नाही म्हणून सुनेला आणि नातीला हाका मारू लागली.

त्या रात्री आकाशकंदील टांगायला गॅलरीत एक हूक बसवायचा होता. मी ड्रिलला नवी बॅटरी लावली आणि चाप दाबला. एकाच दमात भोक पडले.